जिताड्याचं तळं: सातबारा ते गटारी, कामं कुठल्या क्रमाने करायची

अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, मे महिन्यात तळी आटली की घरोघरी एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. "हजार पिल्लं सोडली होती, हाताला साठ लागली. चोर फार झाले." चोर आहेत, नाही कोण म्हणतो. पण या हिशेबातला मोठा चोर तळ्यातच असतो आणि तो आपणच पैसे मोजून आणलेला असतो. जिताडा हा शिकारी मासा, आणि तो जिताड्यालाच खातो. बोटाएवढ्या वयात तर सर्वांत जास्त खातो.

दुसरी चूक क्रमाची. आधी पिल्लं येतात, मग त्यांच्यासाठी तळं साफ होतं, मग खाद्य शोधलं जातं आणि सर्वांत शेवटी कोणीतरी विचारतं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" हा क्रम उलटा करायचा आहे. खाली दहा गुंठे पाणी, म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर, धरून आकडे दिले आहेत. हे दहा गुंठे पाण्याचे आहेत, सातबाऱ्यावरचे नाहीत. बांध धरला तर दहा गुंठ्यांच्या तुकड्यात पाणी सात-आठ गुंठेच उरतं, आणि पिल्लांची संख्या पाण्यावर ठरते.

## टप्पा १: कागद (ऑक्टोबर ते डिसेंबर)

सातबारा, आठ-अ आणि मागचे फेरफार काढा. सातबाऱ्यात तीन गोष्टी बघा: धारणाधिकार वर्ग एक की दोन (वर्ग दोन म्हणजे सरकारी अटींची जमीन), "इतर हक्क" रकान्यात कूळ, बँकेचा बोजा किंवा वहिवाट लिहिलेली आहे का, आणि मालकांची नावं किती.

नावांची भानगड कोकणात जवळजवळ प्रत्येक घरात आहे. आजोबांच्या नावावरची जमीन, वारस चौदा, त्यांतले नऊ मुंबईला, दोघांचा पत्ताच नाही. सगळ्यांची तोंडी हरकत नसते, तोवर सगळं ठीक. तळ्यातून पहिल्या वर्षी चार पैसे दिसले की एखाद्या चुलतभावाला आपला हिस्सा आठवतो. म्हणून एकतर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या, नाहीतर सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. संमतीपत्रात तळं किती वर्षांसाठी आणि उत्पन्नात कोणाचा काय वाटा, हे स्पष्ट लिहा.

जमीन दुसऱ्याची असेल आणि मुदत एका वर्षाहून जास्त असेल, तर भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. शंभराच्या मुद्रांकावर दोन सह्या घेऊन पाच वर्षांचं तळं खोदणारे लोक मी पाहिले आहेत. तळं खोदून झाल्यावर मालकाचं मन बदललं तर माती परत भरण्याचा खर्चही तुमच्याच गळ्यात पडतो.

त्यानंतर मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून हद्द कायम करून घ्या आणि मोजणी नकाशाची क प्रत जपून ठेवा. बांध शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर गेला तरी भांडण उभं राहतं, आणि पाणी भरलेला बांध सरकवता येत नाही.

परवानग्या. खाडीचं खारं किंवा मचूळ पाणी आत घेणार असाल आणि जागा भरतीरेषेपासून २ किलोमीटरच्या आत असेल, तर २००५ च्या किनारी जलकृषी प्राधिकरण कायद्याखाली नोंदणी लागते. अर्जाची चौकशी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात करा. निव्वळ पावसाच्या गोड्या पाण्यावरचं तळं या कायद्यात येत नाही. तरीही तुमचं पाणी कुठल्या प्रकारात मोडतं ते त्या कार्यालयातून लेखी घ्या. "साहेब हो म्हणाले" याला पुढे काही किंमत राहत नाही. खणलेली माती बांधालाच वापरणार की बाहेर विकणार, हेही तहसील कार्यालयात अर्जात लिहा. बाहेर जाणारी माती गौण खनिज ठरते आणि विनापरवाना सापडली तर दंड तळ्याच्या खर्चापेक्षा मोठा होऊ शकतो.

> सावध: जागेत किंवा जागेला लागून कांदळवन असेल तर तिथेच थांबा. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवन तोडण्यावर राज्यभर बंदी आहे आणि त्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा आहे. "आमच्याच सातबाऱ्यातली तिवरं आहेत" हा बचाव चालत नाही.

## टप्पा २: माती, उधाण आणि शेजारी

खाजणातली माती ओली असताना गरीब दिसते. ती वाळली की तिचा स्वभाव कळतो. तिच्यात गंधकयुक्त लोह असतं. हवा लागली की त्याचं आम्ल होतं आणि पहिल्या पावसात ते आम्ल बांधावरून थेट तळ्यात उतरतं. खोदाईआधी हे घरी तपासता येतं. जिथवर खणणार तिथवरची, म्हणजे दीड-दोन मीटर खोलीची, माती काढा. ओली असताना तिचा सामू (पीएच) मोजा. तीच माती पातळ पसरून महिनाभर सावलीत वाळवा, मधूनमधून पाणी शिंपडा, आणि पुन्हा मोजा. आधी ७ आणि नंतर ४ किंवा त्याखाली आला तर तिथे खोल खणू नका. वरच्या थरातच तळं करा आणि बांध उंच घ्या. कुजक्या अंड्याचा वास किंवा वाळल्यावर फिकट पिवळे डाग दिसले तर संशय पक्काच. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात विचारून माती तपासून घेतली तर उत्तम.

उधाणाची पातळी जुन्या माणसांना विचारा, पण डोळ्यांनीही बघा. पावसाळ्यातल्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी बांधाला कुठे लागतं तिथे खूण करा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत जागा पाहायला जाणारा माणूस फसतो, कारण तेव्हा खाडी लांब आणि शांत दिसते.

आता शेजारी. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आत भात होतं. तिथली उघाडी, म्हणजे बांधातलं झडपांचं दार, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडण्यासाठी आणि भरती अडवण्यासाठी असते. तिची झापं उचलून आपल्या तळ्याला खारं पाणी घेणं म्हणजे शेजारच्या भाताची दोन-तीन वर्षं घालवणं. तुमची जागा सरकारी खारभूमी योजनेत आहे का, बाहेरच्या बांधाची दुरुस्ती कोणाकडे आहे, हे खारभूमी विभागाकडून आधीच समजून घ्या. बाहेरच्या बांधाला खांड पडली तर तुमचं तळंही जाणार आहे.

## टप्पा ३: खोदाई आणि बांध (जानेवारी ते एप्रिल)

खोली दीड ते दोन मीटर पाण्याची हवी. खारेपाटातली बरीच जुनी तळी कमरेएवढी आहेत आणि म्हणूनच एप्रिलमध्ये सगळ्यांची मासळी एकदम बाजारात येते. खोल तळ्याचा फायदा शेवटी काढणीच्या टप्प्यात दिसेल.

बांध घालताना सर्वांत आधी खालचं गवत आणि मुळं खरवडून काढा. मधोमध हातभर खोल चर खणा आणि त्यात चिकणमाती ठासा. गवतावरच माती टाकली की तीच जागा पुढच्या वर्षी झिरपते. माती एकदम टाकू नका. वीतभर थर, धुमस, पाणी, पुन्हा थर. माथा किमान दीड मीटर रुंद ठेवा, नाहीतर ढकलगाडीही जात नाही. उतार सपाट ठेवा, एकाला दोन. उभा बांध स्वस्त पडतो, पण एकाच पावसाळ्यात पोट सोडतो. उंची तुमच्या उधाणाच्या खुणेपासून किमान दोन फूट वर.

पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगवेगळी करा, दोन्हींना जाळी लावा. आत येणाऱ्या नळाला बारीक जाळीची लांब पिशवी बांधा. खाडीच्या पाण्यातून शिंगाळी, खरब्या अशा माशांची आणि खेकड्यांची पिल्लं डोळ्यांना न दिसता आत येतात.

> तपासा: पहिलं पाणी भरल्यावर एक काठी रोवून पातळीची खूण करा. ऊन नसलेल्या दोन दिवसांत पाणी बोटभराहून जास्त उतरलं तर कुठेतरी झिरपतंय. पिल्लं आणण्याआधी शोधा.

माणसांचा जीव. हे मी शेवटी लिहीत नाही, कारण शेवटी लिहिलेलं कोणी वाचत नाही. पंपाच्या वायरीमुळे तळ्यात माणसं गेली आहेत. पंपाला ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवा, अर्थिंग करून घ्या, वायरीचा जोड पाण्याजवळ ठेवू नका, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी पंप बंद करून फ्यूज खिशात घाला. घराजवळ तळं असेल तर लहान मुलांसाठी कुंपण हवंच, आणि काठाला दोरी बांधलेली ट्यूब. कळीचा चुना टाकताना डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय पाण्यात जाऊ नका. नंतर ताप आला तर डॉक्टरांना सांगा की मी तळ्याच्या पाण्यात काम करतो. लेप्टोच्या बाबतीत हे एक वाक्य उपयोगी पडतं. आणि जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं. पहिल्यांदा हाताळणारा माणूस रक्त काढूनच शिकतो.

## टप्पा ४: तळ निर्मळ करणे (एप्रिल, मे)

जुनं तळं असेल तर पूर्ण उपसा. तळाशी उरलेला एक शिंगाळी मासा पुढे पिल्लं मोजू देत नाही. वरचा काळा, वास मारणारा गाळ काढून बांधाबाहेर टाका, बांधावर नको. मग तळाला भेगा पडेपर्यंत ऊन द्या. पण टप्पा २ मधली आम्लाची माती असेल तर भेगा पडू देऊ नका. ओलसर ठेवा आणि एक-दोनदा पाणी भरून सोडून द्या.

तळ सुकवता येत नसेल तर मोहाची पेंड वापरतात. मात्रा दर घनमीटर पाण्याला २०० ते २५० ग्रॅम, म्हणजे दहा गुंठ्यांत मीटरभर पाण्याला २०० ते २५० किलो. म्हणून आधी पाणी जितकं उतरवता येईल तितकं उतरवा, पेंड तितकी कमी लागेल. तिचं विष उतरायला दोन ते तीन आठवडे जातात. घाई करून आठव्या दिवशी पिल्लं सोडली आणि सगळी पालथी पडली, असे प्रसंग दरवर्षी होतात. खात्री करायची तर हाप्यात (पाण्यात लावलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) चार तिलापिया मासे दोन दिवस ठेवून बघा.

त्यानंतर चुना. सामू ठीक असलेल्या तळाला दहा गुंठ्यांना २० ते ५० किलो पुरतो. आम्ल माती असेल तर मात्रा कैक पट वाढते आणि ती माती तपासूनच ठरवावी. बांधाच्या आतल्या उतारावरही चुना पसरा. बहुतेक जण तळाला चुना देतात आणि बांध विसरतात, आणि जूनच्या पहिल्या सरींत आम्ल उतारावरूनच येतं.

## टप्पा ५: आधी तिलापिया, मग जिताडा (जून)

पाणी भरलं, हिरवट झालं की तिलापिया सोडा. ही जिताड्याची शिदोरी. दहा गुंठ्यांना पाचशेच्या आसपास मोठे तिलापिया, एका नराला तीन माद्या या हिशेबाने. जिताडा तळ्यात जाण्यापूर्वी निदान दीड-दोन महिने त्यांना पिलावळ वाढवायला मिळाले पाहिजेत.

इथे एक महागडी चूक होते. दुकानात "चांगला वाढणारा" म्हणून मिळणारा तिलापिया बहुधा सगळा नरच असतो. तो वाढतो छान, पण पिल्लं देत नाही, आणि आपल्याला त्याच्या पिल्लांशीच काम आहे. आसपासच्या खाजणी तळ्यांत आधीच रुजलेला गावठी तिलापिया पुरे.

## टप्पा ६: पिल्लं (जुलै, ऑगस्ट)

दोन वाटा आहेत. एक, पावसाळ्यात खाडीत सापडणारी पिल्लं, नगावर विकली जातात. दुसरी, हॅचरीची, म्हणजे बीजनिर्मिती केंद्राची. जिताडा समुद्राच्या खाऱ्या पाण्यातच अंडी घालतो, त्यामुळे तळ्यात पिल्लं होतील अशी आशा ठेवू नका. भारतात हॅचरीत जिताड्याचं बीज पहिल्यांदा १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय मचूळ पाणी जलकृषी संस्थेने काढलं. आजही बीज बहुतेक पूर्व किनाऱ्यावरून येतं. म्हणून मागणी महिना-दीड महिना आधी नोंदवा.

खाडीचं पिल्लू घेताना ओळख पटली पाहिजे. कोवळा जिताडा तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा असतो आणि पाठीपासून तोंडाच्या टोकापर्यंत कपाळावर एक पांढरट पट्टा दिसतो. पट्टा नसेल तर पैसे देऊ नका. शिवाय एकाच टोपात लहान-मोठी पिल्लं असतील तर ती आणताना वाटेतच एकमेकांना खातात.

हॅचरीचं बीज घेताना तीन गोष्टी मागा: पिल्लं एका मापाची, चेतातंतूच्या विषाणूची पीसीआर तपासणी, आणि क्षारता उतरवून दिलेलं पाणी. तिसरी गोष्ट लोक विसरतात. हॅचरीत क्षारता समुद्राएवढी, लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास असते. तुमच्या जुलैच्या तळ्यात दोन-तीन. जिताडा गोड्या पाण्यातही जगतो हे खरं, पण एका रात्रीत नव्हे. निघण्याआधी काही दिवस टप्प्याटप्प्याने पाणी उतरवायला सांगा आणि तुमच्या तळ्याचा आकडा त्यांना कळवा.

> तपासा: पिशव्या फोडू नका. बंद पिशवी पाव तास-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून पेला-पेला तळ्याचं पाणी आत मिसळा. निदान तासभर. पिल्लं आपणहून बाहेर पोहत गेली पाहिजेत.

## टप्पा ७: हापा आणि निवड, म्हणजे खरी लढाई

पिल्लं थेट तळ्यात सोडू नका. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल.

एक-दीड सेंटिमीटरचं पिल्लू ८ ते १० सेंटिमीटर होईपर्यंत हाप्यात ठेवायचं. दोन मीटर लांब, एक रुंद, एक खोल, असा बारीक जाळीचा हापा बांबूला बांधून तळ्यातच लावा. तळाला टेकू देऊ नका, कारण खेकडे जाळी कापतात. घनमीटरला ४००-५०० च्या वर मी जात नाही. गर्दीत पिल्लू आळशी होत नाही, हिंस्र होतं.

आता कारण बघा. जिताड्याचं पिल्लू स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ दोन तृतीयांश लांबीचा भाऊबंद गिळू शकतं. तीन सेंटिमीटरच्या शेजारी दोनचा राहिला, तर तो सकाळपर्यंत नाही. आणि गिळणारा आणखी मोठा होतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याला आणखी जण गिळण्याजोगे होतात. पाच-सहा दिवस दुर्लक्ष केलं की हाप्यात दहा-बारा धष्टपुष्ट जिताडे आणि स्वच्छ पाणी दिसतं. मेलेलं एकही पिल्लू दिसत नाही, म्हणून माणूस चोराला शिव्या देतो.

यावर उपाय एकच: निवड. पहिले तीन आठवडे दर तीन-चार दिवसांनी, पुढे आठवड्याला.

१. आदल्या संध्याकाळपासून खाद्य बंद. भरल्या पोटाची पिल्लं हाताळली की मरतात.

२. भल्या पहाटे, ऊन चढण्याआधी काम आटपा.

३. किमान तीन रिकामे हापे आधीच लावून ठेवा. निवड सुरू केल्यावर हापा शोधायला धावू नका.

४. भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या टोपल्या दोन-तीन मापांच्या करून घ्या. लहान पिल्लं भोकांतून निघून जातात, मोठी वर राहतात. सगळं पाण्यातल्या पाण्यात. पिल्लू हवेत उचलू नका.

५. लहान, मधली, मोठी, अशा तीन हाप्यांत विभागा. सर्वांत मोठी दहा-वीस असतील ती वेगळीच काढा, एखाद्या टाकीत का होईना. "दहाच तर आहेत" म्हणून ती मधल्यांत सोडली की सगळा दिवस वाया.

६. प्रत्येक हाप्यातली संख्या वहीत लिहा. अंदाज नको, मोजून. दोन निवडींत संख्या कमी झाली आणि मेलेली दिसली नाहीत, तर निवड उशिरा होतेय किंवा हापा फाटलाय.

खाद्य दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. भुकेला जिताडा शेजाऱ्याकडे वळतो. पुढे गोळीचं खाद्य देणार असाल तर सवय इथेच, हाप्यातच लागली पाहिजे: सुरुवातीला बारीक केलेली मासळी, मग तीत गोळीचा चुरा, आणि हळूहळू मासळी कमी. बोटभर झाल्यावर, मासळीला चटावलेला जिताडा गोळीकडे ढुंकूनही बघत नाही.

जाळी दररोज ब्रशने घासा. शेवाळलेल्या हाप्यात पाणी खेळत नाही आणि पहाटे पिल्लं वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. निम्म्याच्या वर पिल्लं बोटुकली, म्हणजे ८-१० सेंटिमीटरची, झाली, तर पहिल्या वर्षासाठी चांगलं काम झालं असं समजा.

## टप्पा ८: तळ्यात सोडणे आणि खाद्य (सप्टेंबर अखेर)

एका मापाची बोटुकली एकदमच सोडा. "उरलेली पंधरा दिवसांनी सोडू" म्हणजे पहिल्यांना जेवण वाढणं.

किती सोडायची? फक्त तिलापियाच्या भरवशावर असाल तर दहा गुंठ्यांना ३०० ते ५००. रोज गोळी देणार असाल तर १,००० पर्यंत, पण मग हवा खेळवणारं यंत्र हवं. बारीक स्वस्त मासळी तुकडे करून घालणाऱ्यांनी आधी गणित करावं: एक किलो जिताड्यामागे पाच ते सात किलो मासळी जाते. ३०० किलो उत्पादनाला दीड ते दोन टन. ती कुठून आणणार, कुठे साठवणार? गोळीत ४० ते ४५ टक्के प्रथिनं असलेली घ्या. किलोमागे दीड ते दोन किलो लागते. ती महाग वाटते, पण वहीत दोन्ही हिशेब शेजारी मांडून बघा.

खाद्य सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच, एकाच जागी, एकाच माणसाने. थोडं टाका, झडप बघा, पुन्हा टाका. झडप मंदावली की थांबा. ढगाळ, कोंदट सकाळी मासे वर येऊन हवा घेत असतील तर त्या वेळेचं खाद्य सरळ बंद.

तळ्याच्या मध्यावर काटेरी फांद्या रोवा. रात्री पाग टाकायला येणाऱ्याची जाळी फाटते आणि लहान जिताड्यांना आडोसाही होतो. पाणकावळे आणि खंड्यांसाठी पहिले दोन महिने वरून दोऱ्या ताणा.

## टप्पा ९: पाणी

रोज पहाटे एकदा तळ्यावर जा. प्राणवायू सर्वांत कमी पहाटेच असतो, त्यामुळे दुपारी बघून काही कळत नाही. सामू ७.५ ते ८.५, प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर. दोरीने पाण्यात सोडलेली पांढरी थाळी ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली पाहिजे. आधीच दिसेनाशी झाली तर शेवाळ फार झालंय, खाद्य कमी करा आणि थोडं पाणी बदला.

अवकाळी मुसळधार पाऊस झाला की गोडं पाणी वर आणि खारं खाली असे दोन थर होतात. खालच्या थराचा श्वास कोंडतो. अशा वेळी वरचं पाणी सांडव्याने जाऊ द्या आणि हवेचं यंत्र चालवा. यंत्र नसेल तर पंपाने तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात सोडा. बांधाच्या माथ्यावर पावसाळाभर हातभर उंच जाळी हवी. पाणी माथ्यावरून गेलं तर मासा पाण्याबरोबर जातो.

उन्हाळ्यात उलट. पाणी आटतं, क्षारता चढते. जिताड्याला क्षारतेचं फारसं वाटत नाही, कमी पाण्याचं आणि उकाड्याचं वाटतं. मीटरभराच्या खाली पाणी गेलं तर माशांची संख्या कमी करा: मोठे काढा, विका.

## टप्पा १०: वही, विमा, पंचनामा

बीजाची पावती, खाद्याची पावती, निवडीतले आकडे, दर महिन्याचं दहा माशांचं वजन, सगळं एका वहीत. बांधाला खांड पडून तळं गेलं तर तलाठ्याच्या पंचनाम्यात "अंदाजे मासे" लिहून काही मिळत नाही. पावत्या आणि तारखेसह फोटो असतील तर निदान बोलायला जागा राहते. पंचनामा पाणी ओसरण्याआधी मागा.

राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नाव नोंदवून ठेवा. योजनांची दारं आता तिथूनच उघडतात. मत्स्यसंपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख आणि अंशतः अपंगत्वाला २.५ लाख मिळतात. तळ्यावर राखणीला बसणाऱ्या माणसाचं नावही त्यात घाला, फक्त घरच्यांचं नको. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. पण पूर्वमंजुरीआधी खोदाई सुरू केली तर प्रस्ताव परत येण्याची शक्यता असते. किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालकांनाही मिळतं. खाद्याच्या उसनवारीपेक्षा ते बरं.

## टप्पा ११: काढणी

खारेपाटात एप्रिल-मेमध्ये सगळ्यांची तळी एकदम आटतात आणि व्यापारी ते ओळखून असतो. १ जूनला यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते. तिथून गटारीपर्यंत ताज्या मोठ्या मासळीला घरपोच गिऱ्हाईक असतं. ज्याच्या तळ्यात जूनपर्यंत दीड मीटर पाणी टिकतं तोच या दिवसांचा धनी. टप्पा ३ मधली खोली त्यासाठी होती. गटारीनंतर श्रावणात मात्र मासा सांभाळत बसू नका.

एक दिवस आधी खाद्य बंद. काटेरी फांद्या काढून घ्या, नाहीतर ओढणीचं जाळं पहिल्याच फेरीत जातं. पाणी उधाणाच्या दिवसांत, पूर्ण ओहोटीला उतरवा. भांगाला ओहोटीतही बाहेरची पातळी फारशी उतरत नाही आणि तळ्याचं पाणी पूर्ण निघत नाही. पहाटे ओढा. मासा जमिनीवर तडफडू देऊ नका, थेट बर्फाच्या पाण्यात टाका. माशाएवढाच बर्फ लागतो. तो आदल्या रात्री आणून ठेवा, सकाळी कारखान्यावर रांग असते.

किलोच्या खालचे मासे पाण्यासकट दुसऱ्या तळ्यात हलवता आले तर हलवा. मोठ्या आणि लहान माशांना एकच भाव घेऊ नका, वेगळे मोजा. आणि साहेबाला भेट द्यायचा तो जिताडाही वहीत लिहा, खर्चाच्या बाजूला.

शेवटचा मासा निघाला त्याच दिवशी एकूण नग आणि एकूण वजन लिहा. सोडलेल्या बोटुकलीतून हाताला किती आली हा आकडा वेगळा, आणि हाप्यात टाकलेल्या पिल्लांतून बोटुकली किती झाली तो वेगळा. पुढच्या वर्षी हापे वाढवायचे की राखण, ते या दोन आकड्यांवरून ठरवा.